जाळीवर वाळत घातलेली साडी

नोव्हेंबरात कापणीचा सण झाला. लिलावातले भोपळे, केळीचे घड, उसाच्या मोळ्या घरोघरी गेल्या, खजिनदारांनी पैसे मोजून वहीत चढवले, आणि पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "चहा घेऊन सगळ्यांनी परत आत या. थोडा वेळ लागेल." विषय एकच होता. येत्या पाच वर्षांत आपल्या मंडळीनं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांनी, काय करायचं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 32 वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर महिला मंडळाचं चिटणीसपद आलं, आणि त्या दिवशी नियोजनाच्या कमिटीतही नाव लागलं. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत जे झालं ते लिहून ठेवते आहे, कारण आजूबाजूच्या दोन-तीन मंडळ्यांतल्या लोकांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही हे ठरवलंत कसं?" ते एका वाक्यात सांगता येत नाही.

आमची मंडळी मिरजेतली, जुन्या मिशनच्या काळातली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथं दवाखाना सुरू केला. मग नर्सिंग शिकायला आलेल्या मुली, कंपाउंडर, ड्रेसर, स्वयंपाकी अशी माणसं मिरजेत रुजली. माझे सासरे ड्रेसरच होते. आमच्यातल्या निम्म्या घरांची मुळं अशी कुठल्या ना कुठल्या वॉर्डात सापडतात. आज रजिस्टरवर 41 कुटुंबं आहेत. रविवारी साठ-सत्तर माणसं येतात. नाताळला पुण्या-बंगळूरची मुलं परतली की खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागतात, आणि पाच जानेवारीला चर्च पुन्हा पिकल्या केसांचं होतं.

कमिटी सात जणांची: पाळकसाहेब, दोन पंच, खजिनदार, तरुण संघातला एक मुलगा, मी आणि सिस्टर.

सिस्टरांबद्दल थोडं सांगायला हवं. त्या गुंटूर जिल्ह्यातल्या. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला मिरजेला आल्या, इथंच नोकरी केली, इथंच लग्न झालं. बाप्तिस्मा आणि दृढीकरण मात्र तिकडच्या ल्यूथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या पंथातल्या, मंडळीतलं, आणि चाळीस वर्षं आमच्या बाकावर बसूनही "मी ल्यूथरन" हे त्या ठामपणे सांगतात. गुंटूरला 1842 साली आलेले मिशनरी फादर हायर, 1883 साली आलेल्या डॉ. ॲना कुगलर, त्यांनी 1898 साली उघडलेला बायकांचा दवाखाना, हे सगळं त्या घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. चर्च, शाळा आणि दवाखाना या तीन वेगळ्या गोष्टी असतात हे त्यांना मोठेपणी कळलं, असं त्या म्हणाल्या होत्या. तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलतात. या कामात त्यांचं कन्नड किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या बैठकीत आम्ही सगळ्यांकडून सूचना मागवल्या. मी भिंतीला चार्टपेपर लावला आणि शाळेत लिहायचे तसं मोठ्या अक्षरात लिहीत गेले. अंगणात पेव्हिंग ब्लॉक. नवी साउंड सिस्टिम. तरुण संघाला कीबोर्ड. बोअर. घंटेच्या मनोऱ्याची डागडुजी. रस्त्याच्या बाजूला सहा गाळे बांधून भाड्यानं द्यायचे. एकूण 37 सूचना आल्या. सगळ्या मनापासून आलेल्या होत्या, एकही निरर्थक नव्हती. घंटेचा मनोरा खरंच तडकला आहे.

पाळकसाहेबांनी सगळं लिहून होऊ दिलं आणि मग लाल स्केचपेन माझ्या हातात दिला. "बाई, यातलं जे जे आपल्या फाटकाच्या आत सुरू होतं आणि आतच संपतं, त्याला गोल करा." मी गोल करत गेले. 37 पैकी 34 गोल झाले. उरलेल्या तिनातली एक सूचना होती नाताळात वानलेसवाडीला कॅरल घेऊन जाण्याची.

गाळ्यांचा प्रश्न तिथंच मागे पडला. मंडळीतल्याच एका वकिलांनी समजावून सांगितलं, की ही मिळकत सार्वजनिक न्यासाची आहे. 1950 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कायद्याच्या पलीकडे मला स्वतःला वाटत होतं ते वेगळं. गाळे झाले की मंडळी घरमालक होते, आणि पुढची वीस वर्षं सगळ्या बैठका भाडं कुणी थकवलं यावरच होतात. हे मी बैठकीतही बोलले.

पाळकसाहेबांनी चार्टपेपर गुंडाळून कपाटावर ठेवला. "आता पंधरा दिवस कुणी काही सुचवायचं नाही. फक्त बघायचं." चर्चपासून पंधरा मिनिटं चालून जाता येईल एवढाच भाग. जोडीजोडीनं जायचं, तीन वेळांना: पहाटे, भर दुपारी आणि रात्री दहानंतर. परत आल्यावर तीनच गोष्टी लिहायच्या. इथं कोण आहे? ते कशाची वाट बघतायत? आपण कोण आहोत हे त्यांना माहीत आहे का?

हे मला आधी पोरखेळासारखं वाटलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या रस्त्यानं जाते-येते. पण रात्री दहानंतर मी त्या रस्त्यानं कधी चालले नव्हते, हे घराबाहेर पडल्यावर लक्षात आलं.

माझ्या जोडीला सिस्टर होत्या. डिसेंबरचा दुसरा आठवडा, अंगात स्वेटर असूनही थंडी वाजत होती. मिरज दवाखान्यांचं गाव. जत, सांगोला, पंढरपूर, तिकडून अथणी, रायबाग, कुडची, पार विजापूरपासून पेशंट इथं येतात, आणि प्रत्येक पेशंटबरोबर एक-दोन माणसं. पेशंटला कॉट मिळते. बरोबरचं माणूस वॉर्डाबाहेर, जिन्याखाली, नाहीतर रस्त्यावर. मेडिकल दुकानांच्या उजेडात फूटपाथवर ओळीनं माणसं झोपली होती. कुणी खोक्याच्या पुठ्ठ्यावर, कुणी खताच्या पोत्यावर. एकानं दोन्ही चपला पोटाशी धरल्या होत्या.

आमच्या कंपाउंडच्या लोखंडी जाळीवर एक हिरवी साडी वाळत घातली होती. सहावार सुती साडी, चार पदरी घडी करून, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकं जाळीत खोचलेली. खाली पन्नाशीची एक बाई बसली होती. आम्ही थांबलेलं पाहून ती ताडकन उठली आणि साडी ओढायला लागली. "तेगितीनि अक्का, तेगितीनि." काढते अक्का, काढते. सिस्टर पटकन म्हणाल्या, "इरली बिडव्वा." राहू दे गं बाई.

मग त्या दोघी बोलत बसल्या. सिस्टर मला मधूनमधून मराठीत सांगत होत्या. ती अथणीकडची. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, अकरावा दिवस. उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल आणि एक्स-रेचं पाकीट. ती पिशवी ती उशी म्हणून घ्यायची, कारण फाईल हरवली तर सगळंच हरवलं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोन साड्या आणलेल्या. एक अंगावर, एक रात्री नळावर धुवून आमच्या जाळीवर. दिवसा कुणी तरी हटकतं म्हणून रात्रीच धुवायची. सिस्टरांनी विचारलं, जेवणाचं काय? तर जेवण मिळतं म्हणाली. दुपारी कुणी ना कुणी डबे वाटायला येतं, कधी कधी दोन-दोन गाड्या येतात. मग तिनं जे सांगितलं ते मी घरी आल्यावर वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ती चार वाजल्यानंतर पाणी पीत नव्हती. रात्री जायला जागा नाही म्हणून.

त्या जाळीच्या आत, वीस पावलांवर आमचा हॉल आहे. साठ फूट लांब, वर पंखे, मागे दोन संडास. त्या रात्री तो कुलूपबंद होता आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, कारण महिला मंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी ती किल्ली काढली नाही. कमिटीला विचारल्याशिवाय हॉल उघडायचा नाही असा आमचा नियम आहे, आणि मी नियमानं वागले. घरी येऊन रजई अंगावर घेतली, पण पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

नियम मोडता येतो हेही आम्हाला माहीत होतं. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत चढलं होतं. धोक्याची पातळी 45 फुटांची. तेव्हा हाच हॉल नऊ दिवस उघडा होता. नदीकाठची कुटुंबं गाद्या, शेळ्या, कोंबड्या घेऊन आली होती. कुणी कुणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, ठरावही केला नाही. पूर ओसरला, आम्ही फिनेल टाकून हॉल धुतला आणि परत कुलूप लावलं. दवाखान्यांच्या रस्त्यावर मात्र पूर कायमचाच आहे, आणि तो दिसत नव्हता कारण तो रोजचा होता.

नोंदी वाचायला बसलो त्या दिवशी सात जणांच्या कागदांवर वेगवेगळ्या शब्दांत तेच आलं होतं. पहाटे गेलेल्या पंचांनी लिहिलं होतं, "सार्वजनिक नळाशी बायकांची रांग, पाच वाजता." दुपारी गेलेल्या तरुण मुलानं लिहिलं होतं, "मोबाईल चार्ज करायला दहा-दहा रुपये घेतात." तिसऱ्या प्रश्नाला, आपण कोण हे त्यांना माहीत आहे का, याला सगळ्यांचं उत्तर सारखं होतं. नाही. चहावाल्याला ठाऊक होतं ते इतकंच, की इथं रविवारी गाड्या लागतात.

तरी पाळकसाहेबांनी लगेच ठरवू दिलं नाही. आधी विचारून या म्हणाले. मग आम्ही एका दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटलो. ते मोकळेपणानं बोलले. "जेवण वाटू नका. जेवण देणारे पुष्कळ आहेत, सणावाराला तर अन्न वाया जातं. मला रात्री बायकांना झोपायला जागा हवी, संडास-बाथरूम हवं, आणि कागद वाचून सांगणारं माणूस हवं." कागदांचं त्यांनी फोडून सांगितलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फॉर्म भरायचा तर रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचे कागद लागतात. माणूस गावाहून निघताना रेशनकार्ड घरी ठेवून येतो, नाव एकीकडे वेगळं आणि दुसरीकडे वेगळं असतं, आणि नेमका त्यातच दोन दिवस जातात. हे ऐकताना मला आमच्या शाळेतले दाखले आठवत होते. जन्मतारखा, आडनावं, वेलांट्या. हे काम मला येतं, हे तिथं बसल्या बसल्या कळलं.

सिस्टरांना आणि मला वाटत होतं, की आता सगळ्यांचं एकमत होईल. झालं नाही.

जानेवारीतली ती बैठक साडेतीन तास चालली. आमच्यात एक ज्येष्ठ पंच आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी सरळ विचारलं, "हे सेवाकार्य आहे. चांगलं आहे. पण आपण बसलो होतो मिशन ठरवायला. यात मिशन कुठं आहे? प्रभूचं नाव न घेता लोकांना झोपायला जागा द्यायची, तर आपल्यात आणि धर्मशाळेत फरक काय?" दुसऱ्या बाजूनं एका बाईंनी नेमकं उलटं भय मांडलं. दिवस कसे आहेत ते तुम्ही बघताय, म्हणाल्या. चर्चच्या आवारात आजारी माणसांच्या नातलगांना झोपवलं, की उद्या कुणीतरी म्हणणार, अडल्यानडल्यांना आसरा देऊन धर्म बदलतात. एकदा तसं नाव पडलं की पुसत बसावं लागेल.

दोघांचंही बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, आणि पाळकसाहेबांनी ते उडवलं नाही. ते चेन्नईच्या गुरुकुल ल्यूथरन कॉलेजात शिकलेले. त्यांनी 1527 सालचं सांगितलं. जर्मनीत, ल्यूथरच्या विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवलं, लोक गाव सोडून निघाले. मार्टिन ल्यूथरनं जायला नकार दिला. बायको काथारिना गरोदर होती, तरी त्यांनी स्वतःचं घर आजाऱ्यांसाठी उघडलं, घराचा दवाखाना झाला. त्याच वर्षी त्यानं एका पाळकाला पत्र लिहिलं, प्लेगमधून पळून जावं का, या प्रश्नावर. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी नाही त्यानं जायला हरकत नाही, पण शेजाऱ्याला आपली गरज असेल तर त्याला टाकून जाऊ नये, अशा अर्थाचं. पाळकसाहेब म्हणाले, "दार उघडण्याआधी ल्यूथरनं आजाऱ्याला त्याचा विश्वास विचारला नव्हता. काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण मला वाटतं शेजारी हाच मिशनचा पहिला शब्द आहे."

मला माझ्या आईचं बोलणं आठवलं. तिचं माहेर साताऱ्याचं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, 1919 मध्ये ते गेले, आणि दरबार त्यांच्या मनातल्यासारखा वाढला नाही. पण माझी आई म्हणायची, दाराशी रजिस्टर घेऊन बसायचं नाही, एवढं तरी त्यांनी आपल्याला शिकवलं. मी हे बोलले तेव्हा काका म्हणाले, "टिळक ख्रिस्ताचं नाव मात्र भर चौकात घेत होते, कीर्तनात घेत होते." तेही खरं आहे. मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि आजही नीटसं सुचलेलं नाही.

त्या बाईंच्या भयावर मात्र उपाय सापडला, तो सिस्टरांनी सांगितला. "जे करायचं ते उघड्यावर करू. आधी सांगून करू." मग आम्ही पोलीस ठाण्यात पत्र दिलं, नगरसेवकांना भेटलो, शेजारच्या दर्ग्याच्या बाजूचे, गणपती मंडळाचे लोक बोलावले, चहा दिला, हॉल दाखवला. हॉलमध्ये पत्रकं ठेवायची नाहीत. कुणी स्वतःहून मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. नोंदवहीत नाव, गाव, पेशंटचा वॉर्ड आणि आधारचा नंबर एवढंच, धर्माचा रकाना नाही. बाहेरच्या देशातून पैसे घ्यायचे नाहीत, त्याला वेगळी सरकारी नोंदणी लागते आणि आम्हाला ती वाटच नको होती. गणपती मंडळाच्या पोरांनी जाताना विचारलं, "काकू, रात्री माणूस कमी पडलं तर सांगा." त्यातले दोघं आजही शनिवारी येतात.

पैशांचं गणित खजिनदारांनी मांडलं. मागचे संडास पडीक झाले होते. ते दुरुस्त करून बायकांसाठी एक न्हाणी, वरती टाकी, एकूण 1,85,000 रुपये. रात्रीच्या राखणदाराला महिना 9,000. साबण, फिनेल, वीज वेगळी. हॉल लग्नांना द्यायचा तो आता दिवसाच द्यायचा, म्हणजे तिथंही घट. आमच्या 41 घरांनी महिना 200 रुपये दिले तर 8,200 होतात. राखणदाराचासुद्धा पगार निघत नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी आणखी एक जुनी गोष्ट काढली. जर्मनीतल्या लाइस्निग नावाच्या गावानं 1523 साली ल्यूथरच्या सल्ल्यानं सगळ्या गावाची एक पेटी केली होती, गरिबांसाठी. त्या पेटीला चार कुलपं होती आणि चार किल्ल्या चार वेगवेगळ्या थरांतल्या लोकांकडे: सरदार, नगरपरिषद, नागरिक, शेतकरी. एकट्यादुकट्यानं ती उघडायचीच नाही. आम्ही लोहार गल्लीत एक पत्र्याची पेटी करून घेतली, तीन कुलपांची. एक किल्ली खजिनदारांकडे, एक महिला मंडळाकडे, एक तरुण संघाकडे. लोहार विचारत होता, बाई, एवढं काय ठेवणार आहात यात. आता दर रविवारी उपासनेनंतर तिघं मिळून ती सगळ्यांसमोर उघडतात. पहिल्या महिन्यात 14,350 रुपये निघाले. इतकं अर्पण आमच्याकडे नाताळशिवाय मी पाहिलं नव्हतं. पैसे कुठं जातात हे दिसलं की माणसं देतात, असं मला वाटतं.

बांधकामाआधी दहा रात्री हॉल उघडून बघायचं ठरलं, फेब्रुवारीत. हॉल एकच, मग बाया आणि पुरुष वेगळे कसे ठेवायचे? तरुण संघानं नाताळच्या नाटकाचा पडदा काढला. गडद निळं कापड, त्यावर संडे स्कूलच्या मुलांनी चिकटवलेल्या चांदीच्या कागदाच्या चांदण्या. तो मधोमध तारेवर टाकला. सतरंज्या अंथरल्या, चार्जिंगसाठी लांब बोर्ड लावला, पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे भरले, आणि नऊ वाजता फाटक उघडून बसलो.

पहिल्या रात्री कुणी आलं नाही.

माणसं फाटकापर्यंत यायची, वर क्रूस बघायची आणि परत जायची. एकानं धीर करून विचारलं, "आत गेल्यावर काय करायला लागतं?" झोपायला लागतं, असं सिस्टर म्हणाल्या, पण तो हसला नाही, निघून गेला. दुसऱ्या रात्री दोघं आले. तिसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा स्टँडवर आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं. टपरीवाले चाचा त्या रस्त्यावर तीस वर्षं बसलेले, नव्या पेशंटचे नातलग पहिला पत्ता त्यांनाच विचारतात. त्या रात्री चाचा स्वतः चार बायकांना घेऊन फाटकाशी आले. म्हणाले, "मी बघितलंय सगळं. जावा बिनघोर." त्यानंतर मोजायची वेळ आली. दहाव्या रात्री 26 जण होते.

अडचणी आल्याच. पाचव्या रात्री संडास तुंबला आणि पहाटे चारला माणूस मिळेना. सातव्या रात्री एकाचा मोबाईल गेला, तो शेवटपर्यंत सापडला नाही. त्याचे पैसे पेटीतून द्यावेत की नाही यावर वाद झाला, शेवटी निम्मे दिले. एका पुरुषाला दारूच्या वासामुळं परत पाठवावं लागलं, आणि त्याची बायको आत होती. ती उठून त्याच्याबरोबर बाहेर गेली. त्या प्रसंगी काय करायला हवं होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. त्यावर एक बैठक राहिली आहे.

आठव्या रात्री दीडच्या सुमाराला दवाखान्यातून निरोप आला, सांगोल्याकडच्या एका बाईचा मुलगा गेला. ती चांदण्यांच्या पडद्याखाली झोपली होती. सिस्टरांनी तिला उठवलं, बरोबर गेल्या, कागद होईपर्यंत थांबल्या. पहाटे ती बोचकं न्यायला परत आली तेव्हा आमच्यातल्या कुणाला काही बोलता येईना. मी तिचं बोचकं बांधून दिलं. तिनं सतरंजीची घडी केली, नीट, चारही कोपरे जुळवून, आणि ढिगावर ठेवली. मग गेली.

मार्चमध्ये सर्वसाधारण सभा झाली. आमचं नियोजन एका पानाचं आहे. पहिली दोन वर्षं हॉल आणि संडास-न्हाणी. रोज सकाळी दहा ते बारा कागदांचं टेबल, त्यावर मी आणि आणखी दोन निवृत्त माणसं. तरुण संघाला कामापुरतं कन्नड शिकवायचं, ते सिस्टरांकडे. आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा आठ दिवस चालत फिरून बघायचं, की तेव्हा रस्त्यावर कोण आहे. घंटेचा मनोरा चौथ्या वर्षी आहे. काकांनी विरोधात मत दिलं आणि त्यांचा प्रश्न शब्दशः इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला: "नाव न घेता केलेलं काम आपल्या मुलांना विश्वास कसा देणार?" मी तो लिहिला आणि सभेत वाचूनही दाखवला. काकांचे 200 रुपये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटीत असतात. त्यांचं मत बदललेलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी आम्ही बसू तेव्हा तो प्रश्न पहिला घ्यायचा असं ठरलं आहे.

अथणीच्या बाईंना हॉल मिळाला नाही. आमच्या बैठका चालू होत्या तेव्हाच त्यांच्या नवऱ्याला घरी सोडलं. सिस्टर एकदा वॉर्डात विचारून आल्या तेव्हा ती कॉट दुसऱ्याला दिलेली होती. नाव आम्ही त्या रात्री विचारलंच नव्हतं.

तरुण संघाच्या मुलांनी हॉलच्या मागे, कडुलिंबापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत एक तार बांधली आहे. परवा माझी रात्रीची पाळी होती. दहा वाजता बॅटरी घेऊन मागे गेले, तर तारेवर दोन साड्या, एक लुंगी आणि तान्ह्या मुलाचं झबलं वाळत होतं.